दोघांनी उचललेलं प्रेत

आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी लिहून टाकतो. नाहीतर नेहमीप्रमाणे समुद्र, माडाची सावली आणि आईच्या हातची पेज यांतच लेख संपेल आणि खरं राहून जाईल. भिकूदादाने ते परकं प्रेत एकट्याने पुरलं नव्हतं. मी बरोबर होतो. त्याने खांदे धरले, मी पाय धरले. पुढे देवळात सगळ्या गावासमोर मी याच्या उलट शपथ घेतली, आणि त्यानंतर दीड महिन्याने आगबोटीत बसून मुंबईला आलो.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी ‘गाव सोडताना’ या विषयावर लिहा, असं चिटणिसांनी गेली तीन वर्षं सांगितलं. मी तिन्ही वर्षं डोळ्यांच्या दुखण्याचं कारण दिलं. डोळे चांगले आहेत.

मालवणच्या बंदरावरची ती सकाळ अशी. पौषातली थंडी, धक्क्यावर पन्नासेक माणसं, ट्रंका, आमसुलांच्या पुड्या, सुक्या बांगड्यांचा वास. बोट नेहमीप्रमाणे बाहेर खोल पाण्यात उभी. तिथवर होडीतून जायचं. बाबा मला पोचवायला आले होते. दोन होड्या भरून सुटल्या, तिसरी लागली, आणि वल्ह्यावर भिकूदादा होता. गावात त्याला रापणीच्या जाळ्याची दोरी बंद झाल्यापासून तो मालवणात येऊन होडीवर राबत होता हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण असा समोर येईल हे मनात नव्हतं.

बाबांच्या हातात माझी ट्रंक होती. भिकूदादाने ती घ्यायला हात पुढे केला. बाबांनी ट्रंक त्याच्या हातात दिली नाही. खाली फळीवर ठेवली. मग भिकूदादाने ती फळीवरून उचलली. एवढंच घडलं. धक्क्यावरच्या कोणाच्या लक्षातही आलं नसेल. वाळीत टाकलेल्या माणसाशी आपल्या गावात असंच वागायचं: हाताला हात लागू द्यायचा नाही, आणि त्यासाठी एक शब्दही बोलायचा नाही.

होडीत आणखी सात-आठ माणसं होती, म्हणून बोलता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. शिडीपाशी आल्यावर त्याने मला हात देऊन वर चढवलं. म्हणाला, “मुंबैक जातंस ता बरा. थंय कोण कोणाक इचारणा नाय.” मग नेहमीसारखा मिशीत हसून म्हणाला, “आणि मागे बघत रवू नको रे बाबू, बोट लागतली.”

मी मागे बघितलं नाही. बोट तरीही लागली. देवगडपर्यंत ओकत होतो.

आता मागचं सांगतो. आपल्यापैकी जे इथे मुंबईतच जन्मले त्यांनी रापण बघितली नसेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, जाळ्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडे तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसं त्या दोऱ्या ओढतात. पडलेल्या मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, देवाचा वाटा, आणि हाताचा वाटा. हाताचा वाटा म्हणजे दोरी ओढली त्याचा. माझे बाबा आमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. त्यांचा शब्द शेवटचा. आमचा किनारा तोंडवलीच्या अलीकडचा, सरळ, सुरूच्या झाडांचा. तिथे उभे राहून बाबा सांगायचे ते वाक्य आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल: “दोरीक हात लावलो त्येचो वाटो. हात कोणाचो, ता इचारूचा नाय.”

आणि ते खरोखर विचारत नसत. एकदा पिंगुळीकडचा एक बाहुल्यांचा खेळ करणारा माणूस गाठोडं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने चालला होता. गाठोडं वाळूत ठेवून गंमत म्हणून तो दोरीला लागला. बाबांनी त्याला सगळ्यांसारखा वाटा दिला. तो माणूस मासळी खात नव्हता. त्याची काय करू म्हणून बिचारा रडवेला झाला, आणि सगळा किनारा हसला. मला बाबांचा त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तर होतो. दुसऱ्या दिवशी मुलांना हीच गोष्ट सांगून मी म्हणालो, न्याय म्हणजे हा.

पण त्याच किनाऱ्याची आणखी एक रीत होती. ती आपण मुंबईत कोणाला सांगत नाही. समुद्राने परकं प्रेत आणून टाकलं तर त्याला हात लावायचा नाही. ओहोटी लागली की वल्ह्याच्या टोकाने त्याला परत पाण्यात लोटायचं. प्रवाह त्याला पुढे नेईल, पुढच्या कोणाच्या वाळूत टाकील, ते आपलं काम नाही. कारण प्रेत सापडलं म्हणून कळवलं तर पंचनामा, चौकशी, चार-आठ दिवस रापण बंद. आणि हात लावला तर प्रश्न त्याहून मोठा. कोणाचा आहे, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, काही माहीत नाही. त्याचा विटाळ कसा आणि किती दिवसांचा धरायचा हेच ठरवता येत नाही. तेव्हा लोटायचं. माझ्या आठवणीत तीन वेळा लोटलं. बाबांनीच लोटलं. लोटताना ते दुसरीकडे बघत.

कार्तिकात वादळ झालं, त्यानंतर तिसऱ्या दिवसाची पहाट. भिकूदादा किनाऱ्यावर पाण्याचा रंग बघायला निघाला होता. बांगड्यांचा थवा आला की पाणी काळसर होतं, ते ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःचं जाळं नाही, होडी नाही. नुसत्या हाताच्या वाट्यावर जगणारा माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी शाळेआधी त्याच्याबरोबर फिरायला जात असे, कारण त्याच्या गप्पा मला आवडत. सुरूच्या शेवटच्या झाडांपाशी ते पडलं होतं. पुरुषाचं होतं. बाकी पाण्याने आणि माशांनी ओळखीची खूण म्हणून काही ठेवली नव्हती. चेहरा नाही, कपडा नाही, कमरेला दोरा नाही.

ओहोटी लागलेलीच होती. भिकूदादाने वाळूत ओढून ठेवलेल्या होडीतलं वल्हं आणलं आणि टोक त्याच्या खांद्याला लावून रेटलं. प्रेत अर्धवट फिरलं, आणि त्याचा हात पाण्याबरोबर वर येऊन वल्ह्यावर पडला. तिथेच राहिला. भिकूदादा थांबला. मग म्हणाला, “माका धरल्यान रे ह्येना.”

मी म्हटलं, लाटेने आला हात. तो म्हणाला, माहीत आहे मला, लाटेनेच आला. पण वल्हं काही त्याने पुढे रेटलं नाही. वल्हं बाजूला ठेवून तो पाण्यात उतरला, खांद्यांखाली हात घातले आणि मला म्हणाला, “पाय धर.”

मी धरले. का धरले ते मला आजही सांगता येत नाही. विचार करून धरले असते तर ते माझं म्हणता आलं असतं. त्याने सांगितलं म्हणून धरले. प्रेत फार जड होतं. केवड्याच्या झुडपांमागे आम्ही त्याच वल्ह्याने आणि एका करवंटीने खड्डा केला. जाळावं की पुरावं हे आम्हाला ठरवता येईना. जाळायला लाकूड नव्हतं, म्हणून पुरलं. मंत्र कुठला म्हणायचा तेही कळेना. भिकूदादाने करवंटीत पाणी घेऊन त्याच्यावर शिंपडलं आणि शेजारच्या घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलला, की तुझा जो कोण देव असेल त्याला सांग, ह्या दोघांना यायला उशीर झाला.

मी घरी आलो तेव्हा आई विहिरीवर होती. तिने मला लांबूनच थांबवलं. काही विचारलं नाही. चार घागरी डोक्यावरून ओतल्या, अंगावरचे कपडे काढून घेतले आणि नेऊन चुलीत घातले. नवं धोतर होतं. मग दारात उभी राहून म्हणाली, “तू आज घरातच होतंस. तुका ताप इल्लो. आयकलंस?” पुढच्या वैशाखात माझ्या बहिणीचं, माईचं, लग्न ठरलेलं होतं. मुलगा वेंगुर्ल्याचा, चांगल्या घरातला. माईला आतून सगळं ऐकू येत होतं. मी मान हलवली.

पुढचे नऊ दिवस रापण रिकामी आली. भर हंगामात, नऊ दिवस. त्यातच कोल्ह्यांनी केवड्यामागची माती उकरली आणि कोणीतरी ते बघितलं. दहाव्या दिवशी सकाळी देवळासमोर सगळा गाव जमला.

भिकूदादा आपणहून उभा राहिला. म्हणाला, मी पुरलं. मग गावचे मानकरी, पिकल्या केसांचे सदूतात्या, यांनी विचारायला सुरुवात केली. कोणाचा होता तो? जात काय? हिंदू की मुसलमान की किरिस्ताव? भिकूदादा शांतपणे म्हणाला, “इचारलंय मी त्येका. बोलाक नाय तो.”

मागच्या ओळीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सदूतात्या चिडले. माहीत नसताना हात लावलासच कसा, असं ते म्हणाले. त्यावर भिकूदादाने जे उत्तर दिलं, त्यातलं मोठेपण मला तेव्हा कळलं नाही. मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की पुढचा प्रश्न माझ्याबद्दलचा आहे. तो म्हणाला, “माणूस होतो. तितक्या माका म्हायत होता.”

मग बरोबर कोण होतं, तो प्रश्न आला. तुझ्यावांगडा कोण होतो? तो म्हणाला, कोणी नाही. एकट्याने उचललंस? हो. पाण्यातला माणूस हलका असतो, म्हणाला.

त्या अंगणात बसलेल्यांपैकी अर्ध्या माणसांनी बुडालेली माणसं पाण्याबाहेर काढलेली होती. आपलीच, बापभाऊ. पाण्यातलं प्रेत किती जड असतं ते त्यांना ठाऊक होतं. भिकूदादा खोटं बोलतो आहे हे सगळ्यांना त्याच क्षणी कळलं, आणि दुसरा कोण असेल हेही निम्म्यांना कळलं असावं, कारण पहाटे त्याच्याबरोबर कोण फिरतं हे गावात लपलेलं नव्हतं. कोणी बोललं नाही. तांडेल समोर बसले होते.

सदूतात्यांनी रापणीची दोरी आणून देवासमोर ठेवायला सांगितली. गावातल्या प्रत्येक पुरुषाने दोरीवर हात ठेवून म्हणायचं, माझ्या हाताला ते लागलेलं नाही. खरं न बोलणाऱ्याच्या हाताला दोरी यश देणार नाही. एकेक जण उठून म्हणू लागला. माझी पाळी आली तेव्हा दोरीचं टोक बाबांच्या हातात होतं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. माझ्याकडे बघितलं नाही. प्रेत लोटताना ज्या बाजूला बघत त्याच बाजूला बघत होते.

मी हात ठेवला. माझ्या हाताला ते लागलेलं नाही, असं म्हणालो. शाळेत कविता शिकवायच्या आवाजात म्हणालो. स्पष्ट.

भिकूदादाला प्रायश्चित्त सांगितलं: पाच नारळ, गावजेवण, आणि चुकलो म्हणायचं. सोपं होतं. गावजेवणाचं आम्ही बघून घेऊ, असं त्याला दोघाचौघांनी कानात सांगितलंही. तो म्हणाला, चूक असती तर नारळ ठेवला असता. मग बाबा एवढंच म्हणाले, “भिकू, दोरीक हात लावू नको.” त्या एका वाक्यावर, ज्यांना ‘दोरीला हात लावला त्याचा वाटा’ हे वाक्य पाठ होतं त्या सगळ्यांनी मान हलवली. त्यात मी होतो.

चौथ्या दिवशी बांगडा आला. तोही इतका आला की दोन जाळी फाटली. भिकूदादाच्या विरुद्ध याहून मोठी साक्ष कोणी देऊ शकलं नसतं.

मुंबईत मी आपल्या गावकऱ्यांच्या खोलीवर राहिलो, बावीस जण एका खोलीत, प्रत्येकाची ट्रंक म्हणजे प्रत्येकाचं घर. पुढे एका शाळेत लागलो, आणि संध्याकाळी गिरणी कामगारांच्या वर्गाला शिकवू लागलो. वर्गाला नागरिकशास्त्र होतं. नागरिकाचे हक्क, नागरिकाची कर्तव्यं. माझा तो विषय चांगला होता. निरीक्षक येत तेव्हा मुख्याध्यापक त्यांना माझ्याच वर्गावर आणत.

एकदा एका प्रौढ विद्यार्थ्याने, मागावरचा साचेवाला होता, मिशा पांढऱ्या झालेल्या, विचारलं, “गुरुजी, हक्क आपल्याला देतो कोण?” मी पुस्तकातलं उत्तर दिलं, राज्यघटना देते. तो म्हणाला, ज्याने दिलं त्याला काढून घेता येतं, मग तो हक्क कसला, ती मेहरबानी झाली. मी म्हटलं, हक्क जन्मानेच मिळतात, घटना फक्त ते लिहून ठेवते. त्यावर त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “जन्मल्यावर मिळतो, तर मेल्यावर संपतो काय?” वर्ग हसला. त्याला कोणीतरी म्हणालं, मामा, मेल्यावर तुम्हाला कुठे संपावर जायचंय. मीही हसलो, आणि फळ्याकडे वळलो, कारण माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत होतं.

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. कोणी म्हणतो देवाने माणसाला आपल्यासारखं घडवलं म्हणून त्याला मान. कोणी म्हणतो माणसाला बुद्धी आहे, म्हणून. कोणी म्हणतो सगळ्यांनी मिळून करार केला आहे, त्या करारातून हक्क येतो. कोणी म्हणतो श्रमातून येतो, आणि ते वाचताना मला बाबांचं दोरीचं वाक्य आठवे. मी प्रत्येक मत त्या प्रेतापुढे ठेवून बघत असे. मला दुसरी परीक्षा ठाऊक नव्हती. त्याला आता बुद्धी नव्हती. त्याने आमच्या गावाशी करार केला नव्हता. त्याने आमची दोरी ओढली नव्हती. देव कुठला ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक मताप्रमाणे वल्ह्याने लोटायला हरकत दिसत नव्हती. आणि तरी भिकूदादाला लोटता आलं नाही. त्याच्यापाशी मत नव्हतंच. त्याच्या वल्ह्यावर एक हात पडला होता.

पण म्हणून त्यावर काही उभं राहतं असंही मला म्हणता येत नाही. पूर्वी मी वर्गात म्हणायचो की माणसाच्या आत काहीतरी असं असतं जे दुसऱ्या माणसाला ओळखतं. आता म्हणत नाही. तेच प्रेत मीही बघितलं होतं. ओळख मलाही पटली होती, पाय धरताना. ती दहा दिवस टिकली.

मुंबईत तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मला मालवणच्या एका वकिलांचं पत्र आलं. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा होता, आणि त्या भल्या माणसाने भिकूदादाकडून अर्ज करवला होता. तोवर त्याच्या गावातल्या घरी कोणी विस्तव देत नव्हतं, न्हावी येत नव्हता, बायको, जानकीवहिनी, गावच्या विहिरीवर आल्याबरोबर बाकीच्या बायका वाट करून देत आणि सगळ्याजणी पाठ फिरवत. चौकशीला अधिकारी आले. शाळेच्या पडवीत बसले. गावातला एकेक जण पुढे आला आणि घरात मालवणीत बोलणारे आपले लोक तिथे शुद्ध मराठीत बोलले: “साहेब, आमच्या गावात वाळीत वगैरे काही प्रकार नाही. तेच आमच्यात येत नाहीत.” यात एक शब्द पकडण्यासारखा नव्हता. मारलं असतं तर गुन्हा लिहिता आला असता. न बोलणं कुठल्या कलमात बसवणार?

वकिलांचं म्हणणं थोडकं होतं. मी तेव्हा गावचा शिक्षक होतो, आता गावाबाहेर आहे, मला कोणाची भीती नसावी. भिकूला दोरी बंद केली हे मी ऐकलं एवढंच लिहून द्यावं. प्रेताबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं. म्हणजे भिकूदादाने त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मी बाबांना विचारलं. बाबांनी पोस्टमास्तरांकडून लिहवून घेतलं: तुझ्या मनाला येईल ते कर. माईचे दिवस भरत आलेत. सासू जरा कडक आहे. बाकी क्षेम.

मी वकिलांना उत्तर लिहिलं. अक्षर माझं आधीपासूनच चांगलं. “सदर प्रकरणाविषयी मला व्यक्तिशः काही माहिती नाही.” पाकीट पेटीत टाकलं आणि वर्गावर गेलो. त्या संध्याकाळी काय शिकवलं ते मला आठवतं, पण लिहीत नाही. लिहिलं तर ते रचलेलं वाटेल.

अर्ज निकालात निघाला.

तुम्ही म्हणाल, माई तरी सुखी झाली. झाली. माई, तू हे वाचशील, अंक तुझ्या घरी येतो. तुझ्यावर यातलं काही नाही. तू आत बसून ऐकलंस एवढंच. पण तुझ्या संसाराची पाटी पुढे करून मी पुष्कळ वर्षं माझी भीती झाकली, हे तुला माहीत असायला हवं. तुझ्या लग्नानंतरही मला बोलता आलं असतं. तुझी मुलं शाळेत जाऊ लागल्यावरही आलं असतं.

बाबा गेले तेव्हा मी गावी गेलो. त्यांच्याशी या विषयावर कधी एक शब्द झाला नाही. प्रेताबरोबर सगळा गाव आला. कोणी खांदा द्यायचा यासाठी लोक एकमेकांना सरकवत होते. मी पुढच्या बाजूला होतो. त्याच्या आदल्या पावसाळ्यात भिकूदादा मालवणात तापाने गेला होता, हे मला त्या दिवशी परततानाच्या बोलण्यातून कळलं. सहज सांगावं तसं कोणीतरी सांगितलं. गावातून कोणी गेलं नाही. बंदरावरच्या दोन होडीवाल्यांनी आणि त्याला अधूनमधून काम देणाऱ्या एका मुसलमान व्यापाऱ्याने आणि त्याच्या भावाने नेला. त्यांनी जात विचारली नसावी.

जानकीवहिनी आता मालवणच्या बाजारात मासळी विकायला बसतात. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं, मास्तरांनू म्हणाल्या, मुलंबाळं विचारली, मुंबईत ताजी मासळी कुठली मिळायला म्हणून थट्टा केली आणि दोन सरंगे बाजूला काढून ठेवले. मग गिऱ्हाईक नव्हतं असं बघून सुरीवरचं पाणी पदराला पुसत म्हणाल्या, “मास्तरांनू, तुमी शिकलेले. एक इचारू? एकट्या माणसाक प्रेत उचलूक येता काय?”

मी विचारलं, का?

त्या म्हणाल्या, ह्यांना मी हे जाईपर्यंत बोल लावले. कोण कुठचा मेलेला, त्याच्यासाठी जित्या बायकोला देशोधडीला लावलंत, असं रोज जेवताना म्हणायची. ते ऐकून घ्यायचे. त्यांच्या आजारपणातही मी तेच म्हणाले. “एकटेच होते तर ता त्येंचा खूळ, आणि मी बोललंय ता बराबर बोललंय. पण दुसरो कोण होतो, आणि त्येका सांभाळूसाठी हे गप रवले, तर मगे मी बोललंय ता सगळा माका परत घेवक होया. मेलेल्याकडसून कसा घेतत, ता माका म्हायत नाय. पण आधी कळाक तरी होया.”

बाजारात ऊन चढत होतं. शेजारची बाई बर्फ फोडत होती. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शिकलेला माणूस आता सांगेल, अशा भरवशाने.

मी म्हणालो, “येत असेल. पाण्यातला माणूस हलका असतो म्हणतात.”

त्यांनी मान हलवली. सरंगे पानात बांधून दिले. पैसे घेईनात.

गाव म्हणजे आता काय, असं चिटणिसांनी विषयाच्या खाली लिहून पाठवलं आहे. माझ्यापुरतं सांगतो. मी खोटी शपथ घेतली हे बहुतेकांना माहीत असूनही जिथे माझ्या पानात मासळीचा पहिला तुकडा वाढतात ते माझं गाव. मला तिथे सगळे हक्क आहेत. जमिनीत, देवळात, दोरीत, आणि मेल्यावर चार खांद्यांत. ते कुठून आले हे मला आता शोधायचं नाही. ज्याला नाकारले त्याच्याकडे काय कमी होतं हे शोधून झालं, काही सापडलं नाही. पुढच्या पिढीत असं होणार नाही, असं लिहून लेख संपवायची रीत आहे. मला तसं वाटत नाही. आमच्या वर्गात दर वर्षी पन्नास जण हक्कांचं प्रकरण पाठ करतात, आणि त्यातला एकेकजण आपापल्या गावच्या दोरीवर हात ठेवायला सुट्टीत घरी जातो.

जानकीवहिनींना अक्षरओळख नाही. हा अंक त्यांच्यापर्यंत जाणार नाही, आणि गावातलं कोणी त्यांच्याकडे बसून तो वाचून दाखवणार नाही. हे लिहायला बसण्याआधीच मला माहीत होतं, आणि कदाचित म्हणूनच मला लिहिता आलं.

त्यांनी मला एक प्रश्न विचारला आहे. त्याचं खरं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही. ते देणं माझ्याकडे आहे.